चाळीस, साठ, ऐंशी

"काका, ह्या गाडीला मीटरच नाही."

ते मला दिसत होतं. मीटर नव्हता, इंडिकेटर नव्हते, मागचं मडगार्ड अर्धंच होतं आणि सीट एकट्याच्या मापाची. टाकी एका कंपनीची, इंजिन दुसरीचं, पुढचं चाक तिसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं. हल्ली याला कस्टम बाइक म्हणतात. माझ्या मते कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. गाडी दिसायला मात्र झोकात होती, हे कबूल करायला हवं.

गाडीवर बसलेल्या माणसाचं नाव बालाजी. लातूरकडचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंग लाइनला, कंत्राटावर. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे त्याची सुट्टी. थेरगावात डांगे चौकाजवळ माझा गाळा आहे. बाहेर 'येथे सर्व प्रकारचे मीटर दुरुस्त होतील' अशी पाटी आहे. सर्व प्रकारचे म्हणजे गाडीचे. विजेच्या मीटरसाठीही लोक येतात, त्यांना मी परत पाठवतो.

मी अठ्ठावीस वर्षं भोसरीच्या एका कंपनीत स्पीडोमीटरच्या लाइनवर काढली. त्यातली शेवटची एकोणीस इन्स्पेक्शनला. तयार झालेला मीटर माझ्यासमोर यायचा, मी तो तपासायचो आणि हिरवा किंवा लाल टॅग लावायचो. हिरवा म्हणजे ओके. लाल म्हणजे एनजी, नॉट गुड. रिटायर झाल्यावर ती सवय गाळ्यात घेऊन आलो. माझ्याकडून दुरुस्त होऊन गेलेल्या प्रत्येक मीटरला दोऱ्याने हिरवा टॅग बांधलेला असतो. त्यावर तीन रकाने आणि खाली माझी सही. गिऱ्हाइकं ते टॅग कौतुकाने बघतात आणि पहिल्या पेट्रोल पंपावर तोडून टाकतात.

"मग इतके दिवस मीटरशिवाय कसा चालवतोस?" मी विचारलं.

"अंदाजानं."

"आणि आता काय झालं?"

त्याने खिशातून गेटपास काढला. प्लॅस्टिकच्या कव्हरात कार्ड, वर फोटो. खालच्या कडेला दोन गोल भोकं, बसच्या तिकिटाला पूर्वी कंडक्टर पाडायचा तशी.

गोष्ट अशी होती. त्याच्या कंपनीत गेटपासून टू-व्हीलर पार्किंगपर्यंत चारेकशे मीटरचा आतला रस्ता आहे. त्यावर स्पीड लिमिट वीस. बाजूने फोर्कलिफ्ट चालतात, म्हणून नियम कडक. सेफ्टीची माणसं स्पीड गन घेऊन उभी असतात. ही गन पिस्तुलासारखी धरायची, समोरच्या गाडीवर रोखायची, की गाडीचा वेग आकड्यात दिसतो. वीसच्या पुढे गेलात की पासला एक भोक. तिसरं भोक पडलं की पास जमा. पास जमा म्हणजे हजेरी बंद.

"आन् ह्या महिन्यात यादी लागायलीय, काका," बालाजी म्हणाला. "कंत्राटातले काही पोरं कंपनी आपल्या रोलवर, पर्मनंट घ्यायलीय. चार वर्षं झाली मी वाट बघायलो. पास गेला तर नाव गेलं."

"मग दहाने चालव. कोण विचारतंय?"

"दहानं ही गाडी चालत नाही. धक्के खाती, बंद पडती. मागचे हॉर्न मारतेत. अन् दहा म्हणजे किती, हे तरी कसं कळावं?"

हे बरोबर होतं. शिवाय गाडी बाहेर रस्त्यावर लावायची सोय नव्हती, उचलून नेतात. आणि परवा गेटवर त्याला सांगितलं होतं की सोमवारपासून मीटर नसलेली गाडी आत येणार नाही. त्यामुळे त्याला मीटर हवाच होता.

गाडी त्याने मारुंजीच्या एकाकडून सेकंडहँड घेतली होती. जुना मीटर मिळाला तर काम सोपं, म्हणून मी त्याच्याच फोनवरून त्या माणसाला विचारलं.

"मीटर व्हता की," तो म्हणाला. "आमी काढला."

"का?"

"लूक जात व्हता ना, राव."

"आता कुठे आहे?"

"न्हाई ठेवला. भंगारात गेला त्यो. पण काका, गाडी कशी हाय? जबरी हाय का न्हाई?"

मी जबरी आहे म्हणालो आणि फोन ठेवला.

आता मीटर कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यात आहे. जुन्या पद्धतीच्या मीटरला पुढच्या चाकातून एक केबल येते. चाकाच्या मधोमध एक छोटी गरारी, म्हणजे दातेरी चाक असतं, ते केबल फिरवतं. केबल मीटरच्या आतलं मॅग्नेट फिरवते. मॅग्नेटवर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, ती मॅग्नेटबरोबर ओढली जाते. पण एक केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. वाटी जितकी फिरेल तितकी सुई फिरते. विजेचा संबंध नाही, बॅटरीचा संबंध नाही.

"काका, ते डिजिटल भेटतेत म्हणं," बालाजी म्हणाला. "चाकाला एक मॅग्नेट लावायचं, सेन्सर लावायचा, झालं."

इथे मला थांबायला हवं होतं. चाकाचं माप टाकलं की ते डिजिटल मीटर बऱ्यापैकी बरोबर दाखवतात. एका तासाचं काम होतं. पण मला त्या चिनी डब्यांचा राग आहे. माझं अख्खं आयुष्य सुईत गेलं आणि आता दोन वायरी जोडून कुणीही मीटरवाला होतो, हे मला सहन होत नाही. ते मी त्याला सांगितलं नाही. मी म्हणालो, "अशा गाडीला सुईचाच मीटर शोभतो. गोल, क्रोमचा. बघ तू."

त्याला ते पटलं. शोभण्यासाठीच तर गाडी घेतली होती.

माझ्याकडे जपून ठेवलेला एक जुना मीटर होता. काच स्वच्छ, डायल पांढरी. पुढच्या चाकात गरारीची सोयच नव्हती, म्हणून जुन्या बाजारातून गरारी आणली आणि ती चाकात घट्ट बसावी म्हणून भोसरीच्या एका लेथवाल्याकडून बुश करून घेतला. त्यात गुरुवार गेला. शुक्रवार ते रविवार बालाजी मित्राच्या मागे बसून ड्यूटीला गेला.

चाक मूळ मापाचं नव्हतं. त्यावर जाड टायर होतं. अशा वेळी आधी मोजावं लागतं. टायरला आणि जमिनीला खडूची खूण केली, बालाजीला सीटवर बसवलं, कारण वजनाने टायर दबतं, आणि गाडी चाकाचा एक फेरा होईपर्यंत ढकलली. जमिनीवरचं अंतर टेपने मोजलं. त्यावरून एका किलोमीटरला केबल किती वेळा फिरेल ते काढलं. मग मीटर उघडला.

मीटरचा वेग मॅग्नेटने जुळवतात. आधी मॅग्नेटची ताकद पूर्ण भरायची, मग ठरलेल्या वेगाला केबल फिरवत ठेवून ती कॉइलने थोडीथोडी उतरवायची. सुई हळूहळू खाली येते. जिथे यायला हवी तिथे आली की थांबायचं. भाजीत मीठ टाकण्याच्या उलट काम आहे. यात मीठ काढता येतं.

माझ्या टेबलावर एक मोटर आहे. तिला वेग लावला की मीटरला वाटतं गाडी चालली आहे. साठ लावले, सुई साठवर आणली. चाळीस लावले, चाळीस. ऐंशी लावले, एक्याऐंशी. एक जास्त चालतो. मीटरने जास्त दाखवावं, कमी कधीच दाखवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी टॅग भरला. चाळीस ओके, साठ ओके, ऐंशी ओके. खाली सही.

रविवारी त्याची शिफ्ट सुटल्यावर बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर ट्रायल घेतली. बालाजी गाडीवर, शेजारून मी स्कूटरवर. त्याने मोबाईलमध्ये वेग बघायचं अ‍ॅप लावलं होतं. चाळीसला चाळीस जुळले, साठला साठ जुळले.

"एक नंबर, काका!" तो सिग्नलला ओरडला. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाटलं.

सोमवारी दुपारी पावणेचारला त्याचा फोन आला. पहिली शिफ्ट सुटली होती.

"काका, तिसरं भोक पडलं."

"कसं काय?"

"सुई अठरावर होती. मी एकसारखा सुईकडंच बघायलो होतो. गन म्हणती चोवीस. पास घेतला त्यांनी."

"गन खराब असेल."

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं ते मला अजून आठवतं. अठ्ठावीस वर्षांत लाइनवरच्या कुणीही आपल्या मीटरबद्दल आधी हेच म्हटलेलं मी ऐकलंय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"गन सगळ्यांना तीच हाय, काका," बालाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याला गाडी घेऊन गाळ्यावर बोलावलं. मीटर काढून टेबलावरच्या मोटरला लावला. साठ. बरोबर. चाळीस. बरोबर. मग नॉब अजून खाली नेला. वीस.

सुई चौदावर उभी होती.

मी नॉब वरखाली केला. काचेवर टिचकी मारली. चौदा. मीटर उघडून भिंगातून बघितलं. पूर्वी कधीतरी कुणीतरी हा मीटर उघडला होता आणि स्प्रिंगच्या आतल्या वेढ्याला बारीकशी घडी पडली होती. तीसच्या खाली ती घडी सुई अडवत होती. तीसच्या वर गेलं की सुटत होती. चाळीस, साठ आणि ऐंशीला तपासणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती.

आणि मी चाळीस, साठ आणि ऐंशीलाच तपासलं होतं. कारण लाइनवर तेच होतं. वीसला कुणी तपासत नाही. वीस हा वेग धरतच नाहीत, गाडी सुरू झाली की तो एका क्षणात मागे पडतो. ट्रायललाही आम्ही वीसवरून उडूनच गेलो होतो. समोरचा माणूस येऊन मला स्पष्ट सांगत होता की माझी नोकरी वीसवर अडकली आहे, आणि मी त्याला ऐंशीचा दाखला लिहून दिला.

मला लाज वाटली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी कान गरम होतील इतकी लाज वाटली.

"आता?" बालाजीने विचारलं.

"उद्या तुझ्या गेटवर जाऊ."

"तुम्ही येऊन काय करता, काका? ते कुणाचं ऐकत नाहीत."

"मीटर मी बसवलाय. मला यायला पाहिजे."

मंगळवारी सकाळी तो त्याच्या गाडीवर, मी स्कूटरवर, असे चाकणला पोचलो. माझ्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, भिंग, घरातले दोन चमचे आणि टॅगचं पुडकं. गेटवर सिक्युरिटीने तासभर बसवून ठेवलं. मग सेफ्टीच्या सावंत मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील. हेल्मेट, जॅकेट, हातात वॉकी. बालाजीकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे ओळखलं.

"मॅडम, चूक याची नाही," मी म्हणालो. "मीटर मी बसवला. तो वीसला चुकीचा दाखवतो."

"तुम्ही कोण?"

मी सांगितलं. अठ्ठावीस वर्षंसुद्धा सांगितली. ती सांगायला नको होती.

"मीटरला टॅग आहे ना हा?" त्या गाडीजवळ वाकल्या. बालाजीने टॅग तोडलेला नव्हता. माझा टॅग न तोडणारं बहुधा हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यांनी तो उलटून वाचला. "चाळीस ओके, साठ ओके, ऐंशी ओके. यात वीस कुठे आहे?"

"नाही."

"तपासलं नव्हतं?"

"नाही."

"मग ओके कशाला लिहिलंत?"

एकोणीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलो होतो, अगदी याच आवाजात. मी म्हणालो, "चुकलं."

त्या म्हणाल्या, "काका, रोज इथे लोक येतात. कुणाचा ब्रेक लागत नव्हता, कुणाची आई आजारी होती. माझ्या फॉर्ममध्ये दोनच कॉलम आहेत, रायडरची चूक आणि गाडीची चूक. मीटरवाल्याच्या चुकीचा कॉलम नाही. आणि तुम्ही म्हणताय म्हणून मी मानायचं कसं?"

"मानू नका. मोजा."

हे त्यांना पटलं. सेफ्टीवाल्यांना मोजणं पटतं. त्यांनी आतला रस्ता दहा मिनिटं मोकळा करवला, बालाजीला आत सोडलं आणि स्वतः गन धरली. मी बालाजीला सांगितलं, सुई चौदावर धर आणि ये. तो आला. गनवर वीस. परत पाठवला, सुई अठरावर. गनवर चोवीस. तिसऱ्यांदाही तेच.

"म्हणजे हा माणूस लिमिट पाळत होता," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त," मी म्हणालो.

"ते सोडा. हा मीटर घेऊन मी त्याला उद्या आत सोडू शकत नाही. दुरुस्त कधी होईल?"

खरी दुरुस्ती म्हणजे स्प्रिंग बदलणं. ती स्प्रिंग आता कुणी बनवत नाही. एक उपाय होता आणि तो रात्रभर माझ्या डोक्यात होता, पण मला नको होता. सुई काढून सहा घरं पुढे बसवायची. मग वीसला वीस दिसतील. चाळीसला मात्र सेहेचाळीस दिसतील आणि साठला सहासष्ट. नियमात बसत होतं, मीटर जास्तच दाखवणार होता. पण असा मीटर लाइनवर माझ्यासमोर आला असता तर मी लाल टॅग लावून बनवणाऱ्याला चार शब्द सुनावले असते.

बालाजी बाजूला उभा होता. त्याने हेल्मेट काढलं नव्हतं. हातात पास नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"आत्ता करतो," मी म्हणालो.

सिक्युरिटी केबिनमधल्या टेबलावर मीटर उघडला. दोन बाजूंनी दोन चमचे सुईखाली घालून ती अलगद उचलली. या कामाला बाजारात हत्यार मिळतं, पण चमच्यांइतकं चांगलं नाही. अंदाजाने पुढे बसवली, मीटर गाडीला लावला, बालाजीला फेरी मारायला लावली. गनवर एकवीस, सुई वीसवर. पुन्हा काढली. तिसऱ्या खेपेला सुई वीसवर आणि गनवरही वीस.

मॅडमनी टेबलावरचा हिरवा टॅग उचलला. "याचं काय करायचं?"

मी तो घेतला, फाडला आणि पिशवीतून लाल टॅग काढला. स्वतःच्या कामावर लाल टॅग लिहायची ती माझी पहिली वेळ. लिहिलं : वीसला चौदा दाखवत होता. न तपासता ओके दिला. खाली सही. मॅडमनी तो त्यांच्या रजिस्टरला स्टेपल केला. माझं नाव आता त्या कंपनीत कायमचं एनजीत आहे.

पाडलेलं भोक बुजत नाही. म्हणून त्यांनी बालाजीसाठी नवीन कार्ड मागवलं. फोटो चिकटवला, शिक्का मारला. मग पंच घेतला आणि त्या कोऱ्या कार्डाला स्वतःच्या हाताने दोन भोकं पाडली.

"ती दोन तुझी होती," त्या म्हणाल्या. "तिसरं यांचं होतं."

बालाजी सेकंड शिफ्टला कामावर गेला. मी चमचे पिशवीत टाकून घरी आलो. बायकोने चमच्यांना ओरखडे का, म्हणून विचारलं.

महिनाअखेरीस यादी लागली. बालाजीचं नाव खालून दुसरं होतं, पण होतं. तो पेढे घेऊन गाळ्यावर आला. गाडी समोर लावली. मी त्याला म्हणालो, दुसरा चांगला मीटर शोधून ठेवलाय, हा काढून तो लावतो, फुकट.

"नको काका, हाच राहू द्या."

"अरे, साठला सहासष्ट दाखवतो तो."

"दाखवू द्या की. मी साठनं जात नाही."

मी गाडीजवळ गेलो. सुई पुढे सरकवल्यामुळे तिचं शून्यही सरकलं होतं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून सुटलेल्या कुठल्याच मीटरने असं केलं नसेल.

हल्ली माझ्या टॅगवर चार रकाने आहेत. पहिला कोरा छापलेला असतो. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, तुम्ही गाडी कुठे चालवता आणि किती वेगाने, आणि तो आकडा त्यात भरतो. सोपा प्रश्न आहे. अठ्ठावीस वर्षं लाइनवर असताना तो विचारायला समोर कुणी नव्हतं, आणि नंतर समोर होतं तेव्हा मला सुचला नाही.

बालाजीने त्या दिवशी नवीन टॅग मागितला. मी लिहिला : वीसला वीस. पुढचं विचारू नये. दोऱ्याने बांधला. गाडी स्टँडवर होती, इंजिन बंद, किल्ली बालाजीच्या हातात, आणि माझा मीटर सहा दाखवत होता. मी खाली सही केली.